श्वानवंश क्लब

श्वानवंश क्लब किंवा ब्रीड क्लब ही कुत्र्यांच्या एका विशिष्ट वंशाचे जतन, संवर्धन, अभ्यास आणि प्रसार यांसाठी त्या वंशाच्या पालकांनी, प्रजनकांनी व अभ्यासकांनी स्वेच्छेने स्थापन केलेली संस्था होय. जर्मन शेफर्ड, लॅब्रॅडॉर रिट्रीव्हर, डॉबरमन, डालमेशियन अशा बहुतेक प्रस्थापित वंशांचे स्वतंत्र क्लब जगभर आहेत. त्यांपैकी काही राष्ट्रीय स्वरूपाचे असून काहींचे कार्यक्षेत्र एखादे शहर, जिल्हा किंवा प्रांत एवढेच असते. वंशमानकाचे रक्षण, आनुवंशिक आजारांवर नियंत्रण, प्रदर्शने व कार्यक्षमता चाचण्या भरवणे, नव्या पालकांना मार्गदर्शन करणे आणि निराधार झालेल्या कुत्र्यांचे पुनर्वसन ही या क्लबांची प्रमुख कार्ये मानली जातात. स्थानिक क्लबाचे सभासदत्व हे नव्या श्वानपालकाला वंशाविषयीचे प्रत्यक्ष ज्ञान मिळवून देणारे आणि फसवणूक टाळण्यास साहाय्य करणारे साधन ठरते.

## संज्ञा

केनेल क्लब आणि श्वानवंश क्लब या दोन संज्ञांमध्ये फरक आहे. केनेल क्लब ही अनेक वंशांची नोंदणी करणारी, वंशावळीची नोंदवही सांभाळणारी आणि प्रदर्शनांचे नियम ठरवणारी व्यापक संस्था असते. श्वानवंश क्लब हा एकाच वंशापुरता मर्यादित असतो व सहसा एखाद्या केनेल क्लबाशी संलग्न असतो. यांखेरीज एखाद्या शहरातील सर्व वंशांच्या श्वानपालकांना एकत्र आणणारे स्थानिक केनेल क्लबही असतात. पुण्यातील पूना केनेल कॉन्फेडरेशन हे त्याचे महाराष्ट्रातील उदाहरण होय. ज्या भागात एखाद्या वंशाची कुत्री संख्येने थोडी असतात, तेथे वंश क्लबाचे काम अशा सर्ववंशीय क्लबाकडूनच होते.

वंशमानक म्हणजे त्या वंशाच्या आदर्श कुत्र्याचे लेखी वर्णन. त्यात उंची, बांधा, डोक्याची ठेवण, केस, रंग, चाल, स्वभाव आणि अपात्र ठरवणारे दोष यांचा तपशील दिलेला असतो. वंशमानकाची मालकी कोणाकडे असावी, याबाबत देशोदेशी वेगवेगळ्या पद्धती आहेत. अमेरिकेत वंशमानक तयार करण्याचा व बदलण्याचा पुढाकार राष्ट्रीय वंश क्लबाकडे असतो. ब्रिटनमध्ये तो अधिकार केनेल क्लबाकडे आहे. तर फेदेरासियों सिनोलोजिक इंटरनॅशनल अर्थात एफसीआय या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या पद्धतीनुसार वंशाच्या मूळ देशाचे मानक प्रमाण धरले जाते.

## इतिहास

कुत्र्यांचे संघटित प्रदर्शन भरवण्याची प्रथा एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये सुरू झाली. २८ व २९ जून १८५९ रोजी न्यूकॅसल येथे भरलेले प्रदर्शन हे पहिले औपचारिक श्वानप्रदर्शन मानले जाते. त्यात पॉइंटर व सेटर या शिकारी वंशांचाच समावेश होता. प्रदर्शनांची संख्या वाढली, तसे नियमांतील गोंधळ आणि कुत्र्यांच्या ओळखीबाबतचे वादही वाढले. एकाच नावाची अनेक कुत्री असत आणि विजेता नेमका कोणता हे सांगणे कठीण होई. यावर उपाय म्हणून ४ एप्रिल १८७३ रोजी सिवॅलिस शर्ली यांच्या पुढाकाराने लंडनमध्ये केनेल क्लबाची स्थापना झाली आणि १८७४ मध्ये त्याची पहिली वंशावळ नोंदवही प्रसिद्ध झाली. अमेरिकन केनेल क्लब १८८४ मध्ये स्थापन झाला. त्याचे वैशिष्ट्य असे की, तो क्लबांचा क्लब असून त्याचे सभासद व्यक्ती नसून संलग्न संस्था असतात.

एका वंशापुरते क्लब स्थापन होण्याची सुरुवातही याच काळातली. ब्रिटनमध्ये १८३५ च्या कायद्याने बैलाशी कुत्र्यांची झुंज लावण्यावर बंदी आली आणि बुलडॉग या वंशाचे मूळ प्रयोजनच संपले. त्याचे स्वरूप टिकवण्यासाठी १८६४ मध्ये एक क्लब स्थापन झाला. तो अल्पजीवी ठरला. १८७५ मध्ये पुन्हा स्थापन झालेला बुलडॉग क्लब मात्र आजही अस्तित्वात आहे आणि जगातील सर्वांत जुन्या वंश क्लबांत त्याची गणना होते.

जर्मनीत २२ एप्रिल १८९९ रोजी माक्स फोन श्टेफानित्स व आर्टुर मायर यांनी जर्मन शेफर्ड या वंशाचा क्लब स्थापन केला. होरांट फोन ग्राफ्राट या कुत्र्याची त्याच्या नोंदवहीत पहिली नोंद झाली. कुत्र्याच्या दिसण्यापेक्षा त्याच्या उपयुक्ततेला अधिक महत्त्व द्यावे, असा फोन श्टेफानित्स यांचा आग्रह होता. औग्सबुर्ग येथे मुख्यालय असलेल्या या क्लबाच्या शेकडो स्थानिक शाखा आहेत. प्रत्येक शाखेकडे सहसा प्रशिक्षणाचे मैदान असते व सभासद तेथे नियमितपणे आपापल्या कुत्र्यांसह सराव करतात. स्थानिक वंश क्लबाच्या कार्याचा हा एक नमुना मानला जातो.

२२ मे १९११ रोजी जर्मनी, ऑस्ट्रिया, बेल्जियम, फ्रान्स व नेदरलँड्स या देशांतील संस्थांनी मिळून एफसीआयची स्थापना केली. तिचे मुख्यालय बेल्जियममधील त्युआँ येथे असून ती ३५० हून अधिक वंशांची १० गटांत विभागणी करते.

## रचना व कार्यपद्धती

बहुतेक क्लब सभासदांच्या वर्गणीवर व स्वयंसेवकांच्या श्रमावर चालतात. अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि कार्यकारिणी यांची निवड सर्वसाधारण सभेत होते. मोठ्या क्लबांत आरोग्य, प्रदर्शन, प्रशिक्षण व पुनर्वसन यांसाठी स्वतंत्र समित्या असतात. अनेक क्लबांत नव्या व्यक्तीला प्रवेश देताना एक-दोन जुन्या सभासदांची शिफारस मागितली जाते आणि आचारसंहितेवर स्वाक्षरी घेतली जाते. पिल्लू किती वयाचे झाल्यावर द्यावे, मादीची किती वेते घ्यावीत, कोणत्या चाचण्या झाल्याशिवाय जोडी लावू नये, विकलेले पिल्लू नव्या मालकाला सांभाळता आले नाही तर प्रजनकाची जबाबदारी कोणती, अशा बाबी आचारसंहितेत येतात. नियम मोडणाऱ्या सभासदाचे सभासदत्व रद्द करण्याचा अधिकार क्लबाकडे असतो. मात्र तो अधिकार सभासदापुरताच मर्यादित असल्याने क्लबाबाहेरच्या प्रजनकांवर त्याचा अंमल चालत नाही.

## सभासदत्वाचे लाभ

### वंशाची प्रत्यक्ष ओळख

पिल्लू घेण्यापूर्वीच क्लबाशी संपर्क साधणे हा सभासदत्वाचा सर्वांत मोठा लाभ समजला जातो. छायाचित्रात आकर्षक दिसणारा वंश घरात कसा वागतो, त्याला रोज किती व्यायाम लागतो, त्याचे केस किती गळतात, लहान मुलांशी व अनोळखी माणसांशी त्याचे वर्तन कसे असते, हे त्या वंशाची प्रौढ कुत्री पाहिल्यावाचून कळत नाही. क्लबाच्या मेळाव्यात एकाच वंशाची पिल्ले, तरुण कुत्री व वृद्ध कुत्री एकत्र पाहायला मिळतात. अनेकांना या भेटीनंतर आपण निवडलेला वंश आपल्या घराला मानवणारा नाही, हे उमगते. पुढे कुत्रे सोडून देण्याची वेळ येण्यापेक्षा हा निर्णय आधीच होणे कुत्र्याच्या व कुटुंबाच्या दोहोंच्याही हिताचे असते.

क्लब स्थानिक असण्याचे महत्त्व येथे विशेष जाणवते. सायबेरियन हस्की किंवा सेंट बर्नार्ड यांसारख्या शीत प्रदेशातील वंशांविषयी परदेशी पुस्तकांत दिलेला सल्ला विदर्भाच्या उन्हाळ्यात पुरेसा पडत नाही. पग, बुलडॉग यांसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना उष्माघाताचा धोका अधिक असतो. त्यांना कोणत्या वेळी फिरवावे, प्रवासात काय काळजी घ्यावी, हे त्याच हवामानात ती कुत्री वाढवलेल्या माणसाकडून शिकता येते. गोचिडांमुळे होणारे एर्लिकिओसिस व बॅबेसिओसिस हे आजार, तसेच पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस यांची सुरुवातीची लक्षणे अनुभवी सभासद लवकर ओळखू शकतात. अर्थात हा अनुभव पशुवैद्यकाच्या तपासणीला पर्याय नसतो.

### जबाबदार प्रजनकाची निवड

पिल्लांच्या बाजारात खरेदीदाराला सहसा फक्त पिल्लू दाखवले जाते. त्याची आई, ती राहते ती जागा आणि आई-वडिलांच्या चाचण्यांचे अहवाल दाखवले जात नाहीत. क्लबाच्या सभासदाला परिसरातील प्रजनकांची माहिती असते आणि त्यांनी पूर्वी दिलेली कुत्री मोठी होऊन कशी निघाली, हेही ठाऊक असते. प्रजनकालाही आपली प्रतिष्ठा जपायची असल्याने क्लबाच्या वर्तुळात दोष दडवणे अवघड जाते.

वंशावळ प्रमाणपत्राविषयीचा एक व्यापक गैरसमज क्लबांत दूर होतो. हे प्रमाणपत्र पिल्लाचे पूर्वज कोण, एवढेच सांगते; ते आरोग्याची हमी देत नाही. प्रमाणपत्रावरील पूर्वजांची नावे वाचून एकच नर किती वेळा आला आहे, म्हणजे अंतःप्रजनन किती झाले आहे, हे पाहणे ही अनुभवातून येणारी गोष्ट आहे. मायक्रोचिपचा क्रमांक प्रमाणपत्राशी जुळतो की नाही, ही तपासणीही नवे पालक क्लबातूनच शिकतात.

### आनुवंशिक आरोग्य

प्रत्येक वंशाचे काही ठरावीक आनुवंशिक आजार असतात. जर्मन शेफर्ड व लॅब्रॅडॉर यांच्यात खुब्याच्या सांध्याची विकृती, काही वंशांत हळूहळू अंधत्व आणणारा दृष्टिपटलाचा ऱ्हास, बेडलिंग्टन टेरियरमध्ये यकृतात तांबे साठून होणारा विकार ही त्याची उदाहरणे होत. यांपैकी अनेक दोष पिल्लू विकत घेताना दिसत नाहीत. खुब्याच्या सांध्याची क्ष-किरण तपासणी ब्रिटनमधील योजनेनुसार किमान १२ महिन्यांच्या वयानंतर होते. तेथे प्रत्येक खुब्याला ० ते ५३ असे गुण देतात व गुण जितके कमी तितका सांधा चांगला मानतात. एफसीआयच्या पद्धतीत अ ते इ अशा पाच श्रेणी असतात. अशा अहवालांचा अर्थ लावणे आणि त्यांनुसार जोडी ठरवणे, यात क्लबाचे मार्गदर्शन उपयोगी पडते.

सामूहिक प्रयत्नांचे मोल येथेच स्पष्ट होते. एका पालकाला आपल्या कुत्र्याचा आजार हे केवळ दुर्दैव वाटते. परंतु क्लबाने शंभर कुत्र्यांची माहिती एकत्र केल्यावर तोच आजार एखाद्या लोकप्रिय नराच्या संततीत वारंवार आढळतो, हे लक्षात येते. बसेंजी या आफ्रिकी वंशात मूत्रपिंडाचा फॅन्कोनी विकार पसरला होता आणि पाश्चात्त्य देशांतील कुत्री मोजक्या पूर्वजांपासून निपजलेली होती. त्यामुळे १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील या वंशाच्या अभ्यासकांनी काँगोच्या खोऱ्यात जाऊन तेथील देशी बसेंजी आणली. क्लबाच्या प्रयत्नांनंतर १९९० मध्ये अमेरिकन केनेल क्लबाने आपली बंद नोंदवही त्यांच्यासाठी खुली केली.

### प्रशिक्षण, चाचण्या व प्रदर्शने

क्लब आज्ञापालन, माग काढणे, शिकार उचलून आणणे, मेंढ्या वळवणे अशा वंशाच्या मूळ कामाशी निगडित चाचण्या भरवतात. पिल्लांना इतर कुत्र्यांची व माणसांची सवय लावण्याचे वर्गही घेतले जातात. प्रदर्शनात कुत्रे कसे उभे करावे, कसे चालवावे, परीक्षकाला दात कसे दाखवावेत, हे नवखे सभासद जुन्यांच्या हाताखाली शिकतात. ब्रिटनच्या पद्धतीत एखाद्या कुत्र्याला चॅम्पियन ठरण्यासाठी तीन वेगवेगळ्या परीक्षकांकडून तीन प्रमाणपत्रे मिळवावी लागतात. एकाच परीक्षकाच्या आवडीनिवडीवर निकाल अवलंबून राहू नये, हा त्यामागचा हेतू आहे. प्रदर्शनात न उतरणाऱ्या पालकांनाही प्रेक्षक किंवा स्वयंसेवक म्हणून सहभागी होता येते.

### पुनर्वसन व परस्पर साहाय्य

मालकाचा मृत्यू, स्थलांतर, आजारपण किंवा निव्वळ कंटाळा यांमुळे जातिवंत कुत्रीही बेघर होतात. अनेक वंश क्लब अशा कुत्र्यांना तात्पुरता आसरा देऊन नवे घर शोधून देतात. त्या वंशाचा स्वभाव ठाऊक असलेल्या घरात गेल्याने असे कुत्रे पुन्हा परत येण्याची शक्यता कमी होते. याखेरीज हरवलेल्या कुत्र्याचा शोध, रक्ताची गरज पडल्यास रक्तदाता कुत्रे मिळवणे, मालक परगावी गेला असता कुत्र्याचा सांभाळ, अवघडलेल्या मादीच्या बाळंतपणात अनुभवी व्यक्तीची सोबत, अशी मदत सभासद एकमेकांना करतात.

### निर्णयप्रक्रियेत सहभाग

सभासदाला मताधिकार असतो आणि त्या मताचा परिणाम पुढच्या पिढ्यांवर होतो. डालमेशियन वंशाचा इतिहास याचे बोलके उदाहरण आहे. या वंशातील सर्वच शुद्ध कुत्र्यांत एक सदोष जनुक आढळत असे. त्यामुळे मूत्रात यूरिक आम्लाचे प्रमाण वाढते व विशेषतः नरांना मूतखड्याचा त्रास होतो. १९७३ मध्ये रॉबर्ट शायबल या आनुवंशशास्त्रज्ञाने एका डालमेशियनचा पॉइंटरशी एकदाच संकर केला आणि पुढच्या प्रत्येक पिढीचा संकर पुन्हा डालमेशियनशीच करत निर्दोष जनुक वंशात आणले. १९८१ मध्ये अमेरिकन केनेल क्लबाने अशा दोन कुत्र्यांची नोंद केली. परंतु राष्ट्रीय वंश क्लबाच्या सभासदांनी शुद्धतेच्या मुद्द्यावर विरोध केल्याने पुढील नोंदणी थांबली. सभासदांचे मत पालटण्यास तीन दशके लागली. २०११ मध्ये क्लबाच्या पाठिंब्याने या कुत्र्यांना नोंदवही खुली झाली. सभासदांच्या मताने एक उपाय अडला आणि पुढे सभासदांच्याच मताने तो स्वीकारला गेला.

## भारतातील स्थिती

चेन्नई येथे मुख्यालय असलेल्या केनेल क्लब ऑफ इंडियाचे मूळ उत्तर भारतात स्थापन झालेल्या श्वानसंघटनेत आहे. देशातील अनेक शहरांतील केनेल क्लब आणि जर्मन शेफर्ड, डॉबरमन, रॉटवायलर अशा वंशांचे क्लब त्याच्याशी संलग्न आहेत. वंशावळीची नोंद, मायक्रोचिप व प्रदर्शनांना मान्यता ही कामे ही संस्था करते.

### कायदेशीर चौकट

प्राण्यांचा छळ प्रतिबंधक अधिनियम, १९६० अंतर्गत केंद्र सरकारने २०१७ मध्ये श्वानप्रजनन व विक्रीविषयक नियम लागू केले. त्यांनुसार प्रजनकाला राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही. १८ महिन्यांपेक्षा लहान मादीपासून पिल्ले घेता येत नाहीत. तसेच एका मादीची वर्षात एकाहून अधिक व आयुष्यात पाचांहून अधिक वेते घेण्यास मनाई आहे. क्लबाचे सभासदत्व किंवा वंशावळ प्रमाणपत्र म्हणजे ही शासकीय नोंदणी नव्हे.

१२ मार्च २०२४ रोजी केंद्र सरकारने रॉटवायलर, पिटबुल टेरियर आदी २३ वंशांची कुत्री पाळण्यास व त्यांच्या प्रजननास प्रतिबंध करण्याविषयीचे परिपत्रक राज्यांना पाठवले. संबंधित घटकांचे म्हणणे ऐकून न घेता ते काढल्याच्या मुद्द्यावर कर्नाटक उच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये ते रद्द ठरवले. आपल्या घरातील कुत्र्याच्या कायदेशीर स्थितीवर परिणाम करणाऱ्या अशा निर्णयांच्या वेळी एकट्या पालकापेक्षा संघटित क्लबाचे म्हणणे मांडले जाणे सोपे असते.

### देशी वंश

महाराष्ट्र व कर्नाटक यांच्या सीमाभागातील कारवानी कुत्रे या चर्चेत महत्त्वाचे आहे. सडपातळ बांध्याचे, लांब तोंडाचे व अतिशय वेगवान असे हे शिकारी कुत्रे सोलापूर, सांगली, लातूर तसेच विजयपूर व बागलकोट या जिल्ह्यांत आढळते. मुधोळ संस्थानच्या घोरपडे घराण्याने त्याच्या संवर्धनास आश्रय दिला. मालोजीराव घोरपडे यांनी या कुत्र्यांची जोडी पंचम जॉर्ज यांना भेट दिल्याचे सांगितले जाते. वेगवेगळ्या नोंदणी संस्था त्याला कारवान हाउंड आणि मुधोळ हाउंड अशा दोन नावांनी ओळखतात. त्याच्या लांब केसांच्या प्रकाराला पश्मी म्हणतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमामुळे शिकारीवर निर्बंध आल्यावर या कुत्र्याचे पारंपरिक काम संपुष्टात आले. २००५ मध्ये भारतीय टपाल खात्याने मुधोळ हाउंडसह चार देशी वंशांवर तिकिटे काढली. मुधोळजवळ तिम्मापूर येथे या वंशाचे शासकीय संशोधन केंद्र असून कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने राजापालयम, चिप्पीपराई व मुधोळ हाउंड या वंशांची अधिकृत नोंद केली आहे. देशी वंशांच्या नोंदींचे काम एस. थिओडोर भास्करन यांनी आपल्या भारतीय कुत्र्यांविषयीच्या २०१७ मधील ग्रंथात केले आहे.

देशी वंशांच्या बाबतीत वंश क्लबांपुढील प्रश्न विदेशी वंशांहून वेगळे आहेत. पिढ्यान्‌पिढ्या ही कुत्री जोपासणाऱ्या शेतकरी व पशुपालक कुटुंबांकडे लेखी वंशावळी नसतात. त्यांचे ज्ञान मौखिक असते. नोंदणीचा शहरी साचा तसाच लागू केल्यास हीच कुटुंबे व त्यांची उत्तम कुत्री नोंदवहीबाहेर राहण्याचा धोका असतो. दिसण्याच्या आधारावरच निवड झाली, तर वेग, काटकपणा आणि उष्ण हवामानात टिकण्याची क्षमता हे मूळ गुण मागे पडू शकतात.

## मर्यादा व टीका

वंश क्लबांवर प्रामुख्याने अंतःप्रजननाच्या व बाह्य रूपाच्या अतिरेकाच्या संदर्भात टीका होते. बंद नोंदवहीमुळे आनुवंशिक वैविध्य घटते आणि प्रदर्शनांतील यशासाठी चपटे नाक, उतरती पाठ, सैल कातडी यांसारखी लक्षणे वाढवली जातात, असा आक्षेप आहे. ऑगस्ट २००८ मध्ये बीबीसीने प्रसारित केलेल्या माहितीपटाने ब्रिटनमध्ये हा विषय ऐरणीवर आणला. त्यानंतर बीबीसीने क्रफ्ट्स या प्रसिद्ध श्वानप्रदर्शनाचे प्रक्षेपण थांबवले, केनेल क्लबाने अनेक वंशमानकांचा फेरविचार केला आणि जानेवारी २०१० मध्ये पॅट्रिक बेटसन यांचा श्वानप्रजननविषयक अहवाल प्रसिद्ध झाला.

याखेरीज गटबाजी, परीक्षक व प्रदर्शक यांचे हितसंबंध आणि काही ठिकाणी क्लबाच्या नावाचा पिल्ले विकण्यासाठी होणारा वापर, या तक्रारीही केल्या जातात. त्यामुळे क्लब निवडताना त्याच्या सभा नियमित होतात का, हिशेब सभासदांपुढे ठेवले जातात का, प्रजनकांकडून आरोग्य चाचण्यांची अपेक्षा केली जाते का आणि वंशातील आजारांविषयी उघडपणे बोलले जाते का, हे निकष महत्त्वाचे मानले जातात. आपल्या वंशात कोणताही दोष नाही असे सांगणाऱ्या क्लबापेक्षा दोषांची यादी नवख्याच्या हाती देणारा क्लब अधिक विश्वासार्ह समजला जातो.

## हे सुद्धा पाहा

* केनेल क्लब ऑफ इंडिया
* मुधोळ हाउंड
* जर्मन शेफर्ड
* डालमेशियन
* अंतःप्रजनन